कच्चा लिंबू कीं पुरा भिडू?

परतुरांतील कोणत्याही गल्लींत संध्याकाळीं फेरफटका मारला, म्हणजे मुलांच्या खेळांतील एक जुना शिरस्ता दृष्टीस पडतो. लपंडाव असो, लगोरी असो, कीं विटीदांडू असो. डावांत एखादें लहान किंवा दुबळें मूल येऊन उभें राहिलें, कीं बाकीचीं मुलें त्यास एकमतानें ‘कच्चा लिंबू’ ठरवितात. कच्च्या लिंबावर राज्य येत नाहीं. तो बाद होत नाहीं. त्यानें कोणास शिवलें तर तें धरलें जात नाहीं. तो खेळांत असतोही आणि नसतोही. या रिवाजांत दया आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. धाकट्या भावंडास रडत घरीं पाठविण्यापेक्षां तें केव्हांही बरें. परंतु लहान मूल दोन वर्षांनीं मोठें होतें आणि त्याचा कच्चेपणा आपोआप सुटतो. ज्याचा कच्चेपणा वयाबरोबर सुटत नाहीं, त्या मुलानें काय करावें? त्यानें जन्मभर कच्चा लिंबूच राहावें काय? २०१७ सालीं याच नांवाचा एक मराठी चित्रपट निघाला, तो अशाच एका मुलाच्या आईबापांची कथा सांगतो. आमच्यापुढें हा प्रश्न निराळ्या रीतीनें आला, तें प्रथम सांगतों.

गेल्या पावसाळ्यांत आमच्या नववींतील एक विद्यार्थिनी शाळा सुटल्यावर आमच्यापाशीं थांबली. तिचा भाऊ पंधरा वर्षांचा. परंतु त्याची समज सात-आठ वर्षांच्या मुलाएवढी. तो शाळेंत जात नाहीं, गल्लींत त्यास कोणी खेळावयास घेत नाहीं. घरीं हीच त्याच्याबरोबर मोबाईलवर मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळते. ती म्हणाली, “सर, मी त्याच्याशीं खेळतांना मुद्दाम हरतें. पण त्याला तें कळतें. मग तो मोबाईल फेकून देतो. मी काय करूं?” त्या दिवशीं आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. तें शोधूं लागलों तेव्हां एका नव्या प्रकारच्या स्पर्धांची माहिती मिळाली. त्या स्पर्धा व्हिडिओ गेमच्या असून त्यांत बौद्धिक दिव्यांग आणि इतर मुलें एकाच संघांत, एकमेकांचे भिडू म्हणून खेळतात. त्यांविषयीं विद्यार्थ्यांस व पालकांस चार गोष्टी सांगाव्या, हाच या लेखाचा हेतु.

प्रथम बौद्धिक दिव्यांगता म्हणजे काय तें नीट समजून घेतलें पाहिजे. समज, तर्क, नवी गोष्ट शिकणें आणि रोजचे व्यवहार उरकणें या बाबतींत ज्या व्यक्तीस लहानपणापासूनच बरीच अडचण पडते, तिला बौद्धिक दिव्यांग म्हणतात. बुद्धिमापनाच्या कसोटींत सुमारें ७० च्या खालीं गुणांक येणें ही त्याची एक खूण होय. परंतु केवळ आंकड्यावर भिस्त न ठेवतां, नित्याचे व्यवहार त्या व्यक्तीस कितपत साधतात हेंही तज्ज्ञ पाहतात. कारणें अनेक आहेत. शरीरांतील पेशींत एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत अधिक असली, म्हणजे डाउन सिंड्रोम होतो. जन्माच्या वेळीं प्राणवायु कमी पडल्यास मेंदूस इजा होऊं शकते. गर्भारपणीं मातेच्या आहारांत आयोडीन फारच कमी असल्यास बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. पुष्कळदां कारण सांपडतही नाहीं. हा वेडेपणा नव्हे, आणि एकापासून दुसऱ्यास जडणारा रोग तर मुळींच नव्हे. आईबापांच्या पापाचें हें फळ आहे, असें अद्यापि कोणी कोणी कुजबुजतात. एका जन्मांध मनुष्याविषयीं शिष्यांनीं असाच प्रश्न केला असतां प्रभु येशूनें तो आरोप साफ नाकारला, ही गोष्ट योहानकृत शुभवर्तमानांत आहे. आणि आजचें वैद्यकशास्त्रही त्याहून निराळें कांहीं सांगत नाहीं. २०११ च्या खानेसुमारींत अशा व्यक्तींची नोंद देशांत सुमारें १५ लक्ष झाली. पूर्वीं यांस ‘मतिमंद’ म्हणत. तो शब्द शिवीसारखा वापरला जाऊं लागला, म्हणून आतां तो टाकून ‘बौद्धिक दिव्यांग’ असें म्हणण्याचा प्रघात आहे. आमच्या विद्यार्थ्यांनीं तो पाळावा.

आपल्या महाराष्ट्रांत अशा मुलांच्या शिक्षणाचा एक आरंभ एका घरांतच झाला. मुंबईस वकील नांवाच्या पारशी दांपत्याची कन्या दीना हिला डाउन सिंड्रोम होता. तिच्याकरितां १९४४ सालीं त्यांनीं जी शाळा काढली, तीच आज शिवडी येथील जय वकील संस्था म्हणून प्रसिद्ध आहे. पुढें १९६४ सालीं पुण्यास ‘कामायनी’ निघाली. खेळाच्या क्षेत्रांतही आरंभ असा घरच्या अंगणांतच झाला, पण तो अमेरिकेंत. युनिस केनेडी श्रायव्हर या बाईंची वडील बहीण रोझमेरी ही बौद्धिक दिव्यांग होती. बहिणीबरोबर लहानपणीं पोहलेल्या व खेळलेल्या या बाईंनीं १९६२ सालीं मेरीलंड संस्थानांतील आपल्या घराच्या आवारांत अशा मुलांकरितां उन्हाळी शिबिर भरविलें, आणि त्यांच्या सोबतीस शाळा-कॉलेजांतील तरुण विद्यार्थी बोलाविले. पुढें २० जुलै १९६८ रोजीं शिकागो येथें सुमारें १००० खेळाडूंचा पहिला ‘स्पेशल ऑलिंपिक्स’ मेळावा भरला. आज ही चळवळ दीडशेंहून अधिक देशांत पसरली आहे. आपल्याकडे ‘स्पेशल ऑलिंपिक्स भारत’ ही संस्था तें कार्य करिते. २०२३ सालीं बर्लिन येथील जागतिक क्रीडामहोत्सवांत भारताच्या खेळाडूंनीं २०२ पदकें मिळविलीं, त्यांपैकीं ७६ सुवर्णाचीं होतीं.

आरंभीं या मेळाव्यांत बौद्धिक दिव्यांग खेळाडू आपसांतच खेळत. मग १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस एक नवी रीत निघाली. तिला ‘युनिफाइड’, म्हणजे संयुक्त क्रीडा, म्हणतात. तिच्यांत एकाच संघांत कांहीं बौद्धिक दिव्यांग खेळाडू असतात आणि कांहीं इतर असतात. या इतरांस ‘सोबती’ म्हणतात. उदाहरणार्थ, संयुक्त बास्केटबॉलमध्यें मैदानावरील पांच जणांपैकीं तीन खेळाडू व दोन सोबती असतात. वयानें आणि कौशल्यानें शक्य तितके जवळचे गडी एकत्र आणावे, आणि सोबत्यानें सर्व खेळ आपल्याच हातीं घेऊं नये, हा तिचा मुख्य दंडक आहे. येथें कोणी कच्चा लिंबू नाहीं. प्रत्येकाचा गुण धरला जातो आणि प्रत्येकाची चूकही धरली जाते.

हीच रीत पुढें व्हिडिओ गेमला लावण्यांत आली. २०२० सालच्या करोनाच्या सांथींत मैदानें ओस पडलीं, तेव्हां खेळाडूंस घरबसल्या एकत्र आणण्याच्या मार्गांचा शोध जोरानें सुरू झाला. २०२१ सालीं स्पेशल ऑलिंपिक्स आणि एक्सबॉक्स यांनीं मिळून संयुक्त व्हिडिओ गेमची स्पर्धा भरविली. तिच्यांतील एक खेळ ‘रॉकेट लीग’ हा होता. त्यांत माणसांऐवजीं मोटारी धांवतात व एक भला मोठा चेंडू ढकलून गोल करितात. फुटबॉलचा सामना मोटारींत बसून खेळावा, तसा हा प्रकार आहे. पुढील वर्षींही ती स्पर्धा पुन्हां झाली.

व्हिडिओ गेमच कां, असें कोणी विचारील. त्यास कारणें आहेत. धांवण्याच्या किंवा कुस्तीच्या खेळांत शरीरबळाचें अंतर चटकन् उघडें पडतें; पडद्यासमोर तें पुष्कळ कमी होतें. दुसरें असें, कीं यंत्र कंटाळत नाहीं. एकच वळण शंभर वेळां चुकलें, तरी तें एकशेंएकाव्या वेळीं त्याच शांतपणें तीच वाट पुढें मांडतें. कपाळास आठी घालीत नाहीं. हळू शिकणाऱ्या मुलास नेमकें हेंच हवें असतें: नियम दर वेळीं तोच, आणि कृतीचा परिणाम तत्काळ डोळ्यांसमोर. तिसरें असें, कीं खेळाचा वेग व काठिण्य कमीअधिक करतां येतें. ज्यांचीं बोटें बारीक कळांवर नीट चालत नाहींत, त्यांच्याकरितां २०१८ सालीं एक खास कंट्रोलर निघाला आहे. त्यावर हाताच्या तळव्यानें दाबतां येतील अशीं दोन मोठीं बटणें असून, पाठीमागें १९ छिद्रें आहेत. त्यांत पायानें, कोपरानें किंवा हनुवटीनें चालविण्याचीं निरनिराळीं साधनें जोडतां येतात. अर्थात् सर्वच खेळ सोयीचे नसतात. ज्यांत पडद्यावर पुष्कळ वाचावें लागतें, किंवा क्षणोक्षणीं नियम बदलतात, ते वर्ज्य करावे.

आतां कोणी म्हणेल, हा सर्व दयेचाच प्रकार. खरी स्पर्धा ती कोठें? या शंकेस दोन उत्तरें आहेत. एक उत्तर नियमांत आहे. स्पेशल ऑलिंपिक्समध्यें आधीं चांचणी घेतात, आणि वय व कौशल्य पाहून सारख्या शक्तीच्या खेळाडूंचे गट पाडतात. गटांत गांठ बरोबरीच्यांशींच पडते. म्हणून विजय कष्टानेंच मिळवावा लागतो. दुसरें उत्तर एका लज्जास्पद घटनेंत आहे. २००० सालीं सिडनी येथील पॅरालिंपिक स्पर्धेंत स्पेनच्या बौद्धिक दिव्यांगांच्या बास्केटबॉल संघानें सुवर्णपदक जिंकलें. मागाहून उघड झालें, कीं बारा खेळाडूंपैकीं दहा जण दिव्यांग नव्हतेच. पदक परत घेण्यांत आलें. परंतु शिक्षा भोगली ती खऱ्या दिव्यांगांनीं, कारण २०१२ पर्यंत त्यांस पॅरालिंपिकचें दार बंद राहिलें. खोटा विजय, मग तो दांडगाईनें मिळविलेला असो कीं दयेनें दिलेला, दुर्बळाचेंच नुकसान करितो.

आणि हे खेळाडू खरोखर किती मजल मारूं शकतात, याचें उदाहरण आपल्याच आगगाडीच्या रस्त्यावर आहे. परतूरहून सिकंदराबादेस जाणारी गाडी ज्या तेलंगणांत शिरते, त्यांतील वरंगळ जिल्ह्याच्या कल्लेडा गांवीं दीप्ती जीवनजी ही मुलगी जन्मली. बौद्धिक दिव्यांग म्हणून लहानपणीं गांवच्या लोकांनीं तिला नांवें ठेविलीं. तिनें मे २०२४ मध्यें जपानांतील कोबे येथें आपल्या गटाची ४०० मीटरची शर्यत ५५.०७ सेकंदांत जिंकून त्या वेळचा जागतिक विक्रम केला, आणि त्याच वर्षीं पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्यें कांस्यपदक मिळविलें. तिच्याबरोबर धांवावयास उभे राहण्याचें धाडस आमच्यापैकीं कितीजण करतील?

पालकांच्या मनांत मात्र निराळीच भीति असते, ती आम्ही जाणतों. मोबाईलनें मुलें बिघडतात, अशी तक्रार दर पालकसभेंत ऐकावयास मिळते, आणि ती निराधार नाहीं. खेळावरील ताबा सुटून अभ्यास, झोंप व घरचे व्यवहार बुडूं लागणें, यास जागतिक आरोग्य संघटनेनें आपल्या नव्या रोगसूचींत स्थान दिलें असून ती सूची २०२२ च्या आरंभापासून अंमलांत आहे. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांनीं कित्येक घरें बुडविलीं, म्हणून २०२५ सालीं संसदेनें कायदा करून त्यांस बंदी घातली. त्याच कायद्यानें कौशल्याच्या ई-स्पोर्ट्स स्पर्धांस मात्र उत्तेजन दिलें आहे. हा भेद ध्यानीं ठेवावा. आम्ही ज्या स्पर्धेविषयीं लिहीत आहों, तिच्यांत पैसा नाहीं, अनोळखी माणसांशीं बोलणें नाहीं, मारामारीचा खेळ नाहीं, आणि वेळ बांधलेला आहे. ती मैदानाच्या जागीं नव्हे, तर मैदानाच्या जोडीस आहे. एकट्यानें रात्रीं पांघरुणांत खेळणें निराळें, आणि चार माणसांत, वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखालीं, भिडूशेजारीं बसून खेळणें निराळें.

शाळांवर याबाबत कायद्यानेंही कर्तव्य घातलें आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आपल्या १६ व्या कलमांत सांगतो, कीं सरकारी मान्यतेच्या किंवा मदतीच्या शाळांनीं दिव्यांग मुलांस भेदभाव न करितां प्रवेश द्यावा, आणि शिक्षणाबरोबर खेळ व करमणूक यांचीही संधि इतरांच्या बरोबरीनें द्यावी. कायद्यानें दार उघडतें. आंत बोलावणें हें मात्र माणसांचें काम आहे.

इतकें वाचल्यावर आम्हीं एक लहानसा प्रयोग करण्याचें ठरविलें. गांवांतील अशा नऊ मुलांच्या घरीं आम्ही गेलों. तीन घरांनीं नकार दिला. एका वडिलांनीं स्पष्टच सांगितलें, “गुरुजी, लोक हंसतील. घरांत हंसत नाहींत, तेवढें पुरे.” त्यांस आम्हीं दोष दिला नाहीं, ते जें सांगत होते तें अनुभवाचें होतें. बाकीचीं सहा मुलें आलीं, आणि आमच्या विद्यार्थ्यांपैकीं सहा सोबती निवडले. खेळ ‘सुपरटक्सकार्ट’ या मोटारशर्यतीचा घेतला. तो फुकट मिळतो आणि इंटरनेटशिवायही चालतो. खास कंट्रोलर आमच्यापाशीं नव्हते. म्हणून कळफलकाच्या चार बाणांवर चार रंगांचे कागद चिकटविले आणि नियम चित्रें काढून भिंतीवर लाविले. जोडींतील दोघांनीं एकाच मार्गावर आपापली फेरी करावयाची, आणि दोघांच्या वेळांची बेरीज ती जोडीची वेळ. म्हणजे कोणाचाही सेकंद वायां जाणार नाहीं, आणि कोणाचाही सेकंद माफ होणार नाहीं. चांचणीच्या वेळा पाहून तीन-तीन जोड्यांचे दोन गट केले. दर शनिवारीं एक तास, असा सहा आठवडे सराव झाला. दोन शनिवार विजेनें घेतले, ते निराळेच.

सोबत्यांस आम्हीं तीन नियम घालून दिले. पहिला: भिडूच्या हातावर हात ठेवावयाचा नाहीं आणि कळफलक ओढावयाचा नाहीं. दुसरा: त्यास कोणी प्रश्न विचारला, तर उत्तर त्यालाच देऊं द्यावयाचें, उशीर लागला तरी. तिसरा: मुद्दाम हरावयाचें नाहीं. पहिला नियम मुलांस फार जड गेला. पहिल्या दिवशीं आठवींतील एका हुशार मुलानें आपल्या भिडूची मोटार भिंतीस अडकतांच झटकन् कळफलक आपल्याकडे घेतला, आणि मोटार सोडवून मोठ्या आनंदानें परत दिला. भिडूनें मात्र पुन्हां कळांस बोट लाविलें नाहीं. तो त्या दिवसापुरता उठून गेला. मदत आणि हिसकावणें यांत किती थोडें अंतर असतें, हें त्या मुलास आमच्या दहा व्याख्यानांनीं कळलें नसतें.

स्पर्धेच्या दिवशीं ती नववींतील विद्यार्थिनी आणि तिचा भाऊ एकाच गटांत, पण विरुद्ध जोड्यांत आले. तिची भिडू दुसरी एक मुलगी होती. भावाचा सोबती, तोच पहिल्या दिवशीं चुकलेला आठवींतला मुलगा. खेळापूर्वीं तिनें आमच्याकडे पाहिलें. काय विचारावयाचें होतें तें आम्हांस समजलें. आम्हीं म्हटलें, “पूर्ण जोर लावून खेळ.” ती तशी खेळली. तिच्या जोडीनें भावाच्या जोडीस चार सेकंदांनीं मागें टाकिलें. फळ्यावर आंकडे लिहिले गेले, तेव्हां मुलाचें तोंड उतरलें. तो बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिला. दाराशीं उभे असलेले त्याचे वडील पुढें येऊं लागले, त्यांस आम्हीं खुणेनें थांबविलें. मुलानें कांहीं फेकलें नाहीं. त्यानें आपल्या सोबत्यास विचारलें, “परत कधीं?”

त्या मुलीच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस त्या दोन शब्दांत मिळालें. तिच्या भावास हरण्याचा राग नव्हताच. त्यास राग होता तो खोट्या जिंकण्याचा. आपण त्यास जें प्रेमानें देत होतों, तें त्याच्या दृष्टीनें कच्चा लिंबूच होतें. खरी हार ही बरोबरीच्या माणसासच देतां येते. ती ज्यास मिळाली, तो खेळांत आला.

पुढील वर्षीं हीच स्पर्धा पुन्हां भरविण्याचा आमचा मानस आहे. ज्या घरीं असें मूल आहे, त्या पालकांस आमची विनंती, कीं लोक हंसतील या भीतीनें त्यास दाराआड ठेवूं नये. आणि ज्या घरीं तें नाहीं, त्या घरच्यांस विनंती, कीं ती भीति खरी ठरूं देऊं नये. विद्यार्थिमित्रहो, उद्यां संध्याकाळीं गल्लींत डाव मांडाल, तेव्हां भिंतीशीं उभ्या असलेल्या त्या मुलाकडे एकदां पाहा. त्यास बोलावा; डाव थोडा सोपा करा, पण राज्य त्याच्यावरही येऊं द्या. त्यानें तुम्हांस शिवलें, तर तें धरा.